'काही होत नाही' म्हणायचं नाही

आमच्या इमारतीत तळमजल्याला दाताचा दवाखाना आहे, मधल्या दोन मजल्यांवर अकरावी-बारावीचे क्लास आणि तिसऱ्यावर आम्ही. दाताच्या डॉक्टरांना कल्पना नसेल, पण त्यांचे आमच्यावर फार उपकार आहेत. नाशिकला कॉलेज रोडवर उभं राहिलं की पाच मिनिटांत ओळखीचं कुणीतरी भेटतंच. लिफ्टपाशी असं कुणी दिसलं की आमच्याकडे येणारी माणसं पटकन गालाला हात लावतात, "दाढ दुखतेय हो" म्हणतात आणि समोरचा पांगला की तीन नंबरचं बटण दाबतात. दवाखाना तळमजल्यावर असताना लिफ्ट कशाला लागते, हे अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही.

मी तिथे काउंटरवर बसते. पाच जणांचं खासगी समुपदेशन केंद्र आहे, शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर येतात. साडेचार वर्षं झाली. त्याआधी सतरा वर्षं मी एका पतसंस्थेत होते, तिथेही काउंटरवरच. ती बंद पडली. कशी पडली तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे आणि मला बीपी आहे. मैत्रिणीने इथलं सुचवलं. मुलाखतीत मोठ्या मॅडमनी विचारलं, "समोर कुणी रडायला लागलं तर काय कराल?" म्हटलं, मॅडम, शेवटची दोन वर्षं आमचे ठेवीदार रडतच यायचे. त्या हसल्या नाहीत, पण सोमवारपासून या म्हणाल्या.

आधीच सांगते, इथे कुणाची गोष्ट लिहिणार नाही. जे प्रसंग येतील त्यातली वयं, नाती, गावं इतकी बदलली आहेत की त्यांची त्यांनाही ओळखू येणार नाहीत. टाकण्याआधी मोठ्या मॅडमनी हे वाचलंय आणि दोन परिच्छेद काढायला लावलेत. (त्यातला एक फार छान होता.) थेरपिस्टांची नावंही देत नाही. मी मनातल्या मनात त्यांना जी नावं ठेवलीत तीच वापरते. त्यांना ती माहीत आहेत. एकीला आवडलेलं नाही.

लिहायचं कारण असं की फोनवर रोज एक प्रश्न येतो, "तुमच्याकडे सगळ्यात चांगलं कोण आहे?" हाडाच्या डॉक्टरबद्दल विचारावं तसं. पहिले सहा महिने मी "सगळेच चांगले आहेत" म्हणायचे. ते खरंही होतं आणि निरुपयोगीही. फोनवर "मला नैराश्य आलंय" असं कुणी म्हणत नाही. झोप लागत नाही, मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, मिस्टरांना आणायचंय पण ते यायचे नाहीत तर मीच येऊ का त्यांच्याबद्दल बोलायला, अशी सुरुवात असते. एका आजोबांनी विचारलं होतं, "इथे टेन्शन काढतात का?" दोन-तीन मिनिटांत मला ठरवायचं असतं की हा माणूस कोणत्या दाराआड पाठवायचा. दारं पाच, आणि आत काय चालतं ते मला दिसत नाही.

मला दिसते ती खरेदीची यादी. कोण काय मागवतं त्यावरून मी एकेकाची पद्धत शिकले.

वहीवाल्या सरांना झेरॉक्स लागतात. महिन्याला एक रीम जाते त्यांची. आडवा कागद, त्यावर रकाने: ए, बी, सी, डी. ए म्हणजे घडलं काय. सी म्हणजे त्याचा परिणाम काय झाला. मधला बी म्हणजे त्या वेळी मनात काय चाललं होतं. लोक ए आणि सी धडाधड भरतात, "साहेब सगळ्यांसमोर ओरडले" आणि "रात्रभर झोप नाही", आणि बी रिकामा सोडतात. सरांचा सगळा धंदा त्या रिकाम्या रकान्यावर चालतो. तिथे हळूहळू लिहिलं जातं, "साहेबांनी माझ्याशी नीटच बोललं पाहिजे, नाहीतर माझी काही किंमत नाही." मग डी, म्हणजे या वाक्याशी भांडण. कुणी लिहून दिलंय असं? नीट बोलले नाहीत तर वाईट वाटेल, पण किंमत शून्य कशी झाली? सरांची नजर त्या 'च'वर असते. झालंच पाहिजे, मिळालाच पाहिजे, बोललंच पाहिजे. मराठीत तो एक अक्षर लावून मोकळा होतो माणूस.

ही पद्धत न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडली. आपल्याकडे ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिसशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केल्यावर व्याख्यानांतून ती घरोघरी नेली. म्हणूनच आमच्याकडे येणाऱ्या निवृत्त शिक्षकांना ती अर्धी ठाऊक असते आणि ते सरांशी वाद घालायला तयारीनिशी येतात. सरांना ते फार आवडतं.

एक दिवस एक मुलगा आला. विशीतला, शर्टाची वरची गुंडी लावलेला. मान खाली घालून यायचा, मान खाली घालून जायचा. त्या दिवशी सेशन संपवून थेट माझ्यासमोर आला आणि सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "इथे वडापाव मिळतो का?"

मी म्हटलं, "काय?"

"वडापाव. दोन. चटणी जास्त."

कान लालबुंद झालेले. सोफ्यावरच्या एक बाई हसल्या, एकांनी पेपरातून डोकं वर काढलं. मी म्हटलं, "नाही हो, इथे नाही मिळत, खाली कोपऱ्यावर मिळतो." तो "थँक्यू" म्हणून गेला. दोन मिनिटांनी सर बाहेर आले, "मॅडम, वेळ किती लागला त्याला बोलायला?" गृहपाठ होता तो! लोकांसमोर फजिती झाली तर आपण मरतो, या समजुतीची परीक्षा घ्यायची. एलिस तर म्हणे लोकांना दोरीला केळं बांधून रस्त्याने फिरवायला सांगायचे, कुत्र्यासारखं. मी सरांना बजावलं की पुढच्या वेळी मला आधी सांगत जा. ते म्हणाले, आधी सांगितलं तर तुम्ही त्याला सांभाळून घ्याल. हे वाक्य तेव्हा मी सोडून दिलं.

टिश्यूवाल्या मॅडमची यादी एका ओळीची. टिश्यूचे डबे. बाकी त्यांना काही लागत नाही, कागद नाही, पेन नाही. एकदाच त्यांनी मला खिळा ठोकायला माणूस बोलवायला लावला. घड्याळ समोरच्या खुर्चीच्या बरोबर मागे, डोक्यापेक्षा वीतभर वर हवं होतं. त्यांना मनगट न उचलता वेळ दिसावी म्हणून. "बोलता बोलता समोरच्याने घड्याळ बघितलं की माणूस मिटतो," म्हणाल्या. त्या कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जातात. सल्ला द्यायचा नाही, तपासायचं नाही, माणसाने जे म्हटलं ते नीट ऐकून, त्याला परत ऐकू येईल असं त्याच्यासमोर ठेवायचं. आम्ही येणाऱ्याला 'पेशंट' न म्हणता 'क्लायंट' म्हणतो, त्या शब्दाचा प्रसारही रॉजर्सनीच केला. (डॉक्टर मात्र पेशंटच म्हणतात. मला दोन्ही शब्द आवडत नाहीत. क्लायंट म्हटलं की वकिलाकडे आल्यासारखं वाटतं.)

त्यांच्याबद्दल माझ्याकडे तक्रार येते ती एकच, "मॅडम काही बोलतच नाहीत. बाराशे रुपये देऊन मीच बोलतोय." असे एक गृहस्थ मी मोठ्या मॅडमना विचारून वहीवाल्या सरांकडे वळवले, त्यांची गाडी लगेच रुळावर आली. त्याच महिन्यात सरांकडून एक बाई तिकडे गेल्या, कारण "सर मास्तरांसारखं शिकवतात, आणि घरी माझ्या एक मास्तर आहे." त्या बाई पुढे दीड वर्ष न चुकता आल्या.

वाळूवाल्या मॅडम मुलांच्या. हेच नाव ज्यांना आवडलेलं नाही त्या याच. रुजू झाल्या तेव्हा त्यांनी उथळ लाकडी खोका करून मागितला, आतून निळा रंग, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसावं. सुताराने केला. मग म्हणाल्या, बारीक वाळू हवी, साधारण दहा किलो. म्हटलं त्यात काय, शेजारी बांधकाम चाललंय. वॉचमनला सांगून दोन पिशव्या आणल्या. त्यात खडे, शिंपल्याचे तुकडे, एक बिडी. घरी नेली, रवा चाळायची चाळण घेतली, पोरं खेळणार म्हणून तीनदा चाळली. मग धुतली. वाळू धुणं हे काय काम आहे ते धुतल्याशिवाय कळत नाही, बादलीतलं पाणी सातव्यांदाही गढूळच. गच्चीवर जुन्या चादरीवर वाळत घातली तर रात्रीतून मांजराने तिचा स्वतःसाठी उपयोग करून घेतला. पुन्हा धुतली. यजमान कठड्याला टेकून म्हणाले, "पगार किती देतात म्हणालीस?"

पण त्या खोक्यासमोर मुलं जे करतात ते मी पाहिलंय, कारण आवरायचं काम माझ्याकडे असतं. मॅडम आधी फोटो काढतात, मग मला हाक मारतात. कपाटात प्लास्टिकची जनावरं, माणसं, गाड्या, कुंपणं, देवळं, एक फायर ब्रिगेड. कुणी सगळी जनावरं एका कोपऱ्यात कोंबून चारी बाजूंनी कुंपण घालतं. एका छोटीने महिनाभर दर वेळी फक्त एक घर ठेवलं आणि बाकी खोका रिकामा. मी विचारलं, याचा अर्थ काय? मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही. ती सांगेल." लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या डॉक्टरबाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी मुलांसमोर अशी वाळू आणि खेळणी ठेवायला सुरुवात केली आणि मुलांनीच त्याला 'जग' असं नाव दिलं, हे मॅडमनीच सांगितलं. त्या छोटीच्या घराशेजारी पाचव्या आठवड्यात एक म्हैस आली. मी त्या दिवशी आवरायला जरा वेळ लावला.

कुटुंबवाल्या मॅडम फक्त शनिवारी. त्यांना खुर्च्या लागतात, नेहमी माणसांपेक्षा एक जास्त. कोण कुणाशेजारी बसतं आणि रिकामी खुर्ची कुणाच्या मधे राहते ते बघायला. मग कागदावर त्या घराची वंशावळ: चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, तीन पिढ्या, रेघांनी जोडलेल्या, तुटलेल्या नात्याला तुटलेली रेघ. मी घरी आमचं काढून पाहिलं. दिरांच्या चौकोनापाशी पेन अडलं, कागद फाडून टाकला.

डॉक्टरांबद्दल एवढंच, की फोनवर निम्मा वेळ फरक समजावण्यातच जातो. ते एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी झालेले, गोळ्या लिहिणार ते एकटेच. बाकी कुणी गोळी लिहून देत नाही, देऊही शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आमच्याकडे तशा दोघी आहेत, त्यांची प्रमाणपत्रं काउंटरमागे फ्रेममध्ये लावली आहेत. कुठेही गेलात तरी ती फ्रेम वाचत जा, लोक फिशटँक बघत बसतात. "गोळी नको हं, सवय लागते" म्हणणाऱ्यांना मी डॉक्टरांशीच बोला म्हणते. आणि "आठ दिवस झाले, काही फरक नाही" म्हणणाऱ्यांनाही तेच, कारण नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात हे डॉक्टर सांगतात, पण घरी जाईपर्यंत ते विसरलेलं असतं. फीचा आकडा सांगितला की फोनवर एक शांतता पसरते, ती मी आता ओळखते. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं. पण दर आठवड्याला येऊन बोलून जाणाऱ्याची पावती पॉलिसीवाले सहसा धरत नाहीत, आणि हे ऐकवायचं काम माझं. ज्यांना परवडणार नाही त्यांना मी सिव्हिलचं आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सांगते. तो फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीतही बोलता येतं. माझ्या मॉनिटरच्या कडेला त्याची चिठ्ठी चिकटवलेली आहे. फोनवरचा माणूस जगायचं नाही म्हणाला की कोणतं दार हा प्रश्न उरत नाही. मी फोन ठेवत नाही, हाताने खूण करते आणि जे कुणी मोकळं असेल ते धावत येतं. असं तीनदा झालंय. त्यातलं आणखी काही लिहायचं नाही.

मग सगळ्यात चांगलं कोण? मोठ्या मॅडमना एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, १९३६ सालीच सॉल रोझेन्झ्वाइग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की एकमेकींच्या विरुद्ध वाटणाऱ्या पद्धतींनीही माणसं बरी होतात, म्हणजे त्यांच्यात काहीतरी सारखं असणार. समोरच्यावर विश्वास बसणं हा त्यातला मोठा भाग. मला हे पटलं. पतसंस्थेतही लोक व्याजदर बघून कमी आणि कॅशियर बघून जास्त यायचे. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "मात्र काही दुखण्यांना पद्धत लागतेच. तिथे नुसता विश्वास चालत नाही." आणि पाचव्या दाराकडे बघितलं.

त्या दाराकडे जाण्याआधी एक चूक कबूल करते. साध्या वेळा देण्यात झालेली. दोन वेगवेगळ्या मॅडमकडे दोन बायका, आडनाव सारखं, पण नाशिकमध्ये त्या आडनावाचे ढीगभर आहेत. मी एकीला अकराचं आणि दुसरीला बाराचं दिलं. पहिली बाहेर पडायला आणि दुसरी आत यायला एकच गाठ पडली. जावा-जावा निघाल्या! एकाच घरात वरखाली राहणाऱ्या, दोघींनी एकमेकींपासून लपवलेलं. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही?" थोरली माझ्याकडे बघत होती, जाऊकडे नाही. मग तिने गालाला हात लावला. तिसऱ्या मजल्यावर, आमच्याच पाटीखाली उभं राहून, "दाढ." ती पुन्हा आली नाही. तेव्हापासून दोन सेशनमध्ये वीस मिनिटं सोडते, जायला मागचा जिना उघडा ठेवते आणि नवीन नोंदणीला पत्ता आधी विचारते. बाजारात कुणी दिसलं तर मी ओळख दाखवत नाही, त्यांनी दाखवली तरच. गंगापूर रोडला मेथी निवडत एक जण माझ्या शेजारी पाच मिनिटं उभे होते, दोघंही मेथीत मान घालून.

आता पाचवं दार. या मॅडमची यादी विचित्र असते. डेटॉल काढून टाका. हात पुसायचा टॉवेल आज ठेवू नका. मारी बिस्किटाचा पुडा. त्या ओसीडीचं बघतात, म्हणजे एकच शंका मनात घुमत राहते आणि ती शमवायला माणूस तेच तेच करत बसतो, धुणं, मोजणं, परत जाऊन बघणं. त्यांची पद्धत अशी, की ज्याची भीती आहे ते थोडं थोडं करायचं आणि नंतर जे करून जीव शांत होतो ते करायचं नाही. १९६६मध्ये लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी हे दोन रुग्णांवर करून लिहिलं, तिथून ती पुढे वाढली. कुणाला ढकलत नाहीत. माणसाच्या बरोबर बसून पायऱ्यांचा कागद करतात, प्रत्येक पायरीपुढे भीती शून्य ते शंभर. लिफ्टचं बटण, तीस. दाराची मूठ, पंचेचाळीस.

एक द्राक्षबागायतदार यायचे. फवारणीच्या औषधाची भीती. हातांना लागलं असेल, हातातून पोरांच्या अंगात जाईल. हात इतके धुतलेले की बोटांच्या पेरांवर भेगा. त्या दिवशी पायरी होती आमच्या चपलांच्या मांडणीचा खालचा फळा. तळहात टेकवायचा, हात धुवायचे नाहीत आणि त्याच हाताने बिस्किट खायचं. मॅडमनी आधी स्वतः हात टेकवला, स्वतः बिस्किट खाल्लं. मग त्यांनी. घाम आलेला, हनुवटी थरथरत होती. मॅडम काही आणायला आत गेल्या, तेवढ्यात ते काउंटरशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, चालेल ना हे? काही होणार नाही ना?"

मी म्हटलं, "छे हो दादा, काही होत नाही!"

चेहरा असा सुटला त्यांचा. मला फार बरं वाटलं. त्यांनी अजून एकदा विचारलं, मी अजून एकदा सांगितलं.

संध्याकाळी मॅडमनी मला आत बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं 'काही होत नाही' हे त्यांच्या साबणासारखं आहे. पाच मिनिटं पुरतं. मग आणखी लागतं. घरी बायको, मुलगी, आई, सगळ्या दिवसभर तेच पुरवतायत."

"मग म्हणायचं काय?"

"म्हणायचं, मला माहीत नाही."

"असं कसं म्हणू? घाबरलेला माणूस समोर आहे."

"घाबरलेले राहू देत. भीती असतानाही बसता येतं हे त्यांना कळायचंय. आणि तुम्हाला तरी कुठे माहीत आहे, काही होणार नाही म्हणून?"

बसने घरी जाताना मला पतसंस्थेतले काका आठवले. एसटीतून निवृत्त झालेले, फंडाचे सगळे पैसे आमच्याकडे. दर सोमवारी यायचे, पासबुक काउंटरवर ठेवायचे, "ताई, पैसे सुरक्षित आहेत ना?" मी शिक्का मारता मारता म्हणायचे, "काही होत नाही काका." ते जायचे. पुढच्या सोमवारी परत. मी काही लपवत नव्हते, खरंच मला माहीत नव्हतं. एका सोमवारी शटर बंद होतं.

पुढच्या खेपेला बागायतदारांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मला माहीत नाही दादा." जीभ जड झाली होती. ते बघतच राहिले. मग जाऊन सोफ्यावर बसले, हात मांडीवर उताणे ठेवून, कुणी मेंदी काढलीय आणि वाळायचीय असे. वीसेक मिनिटं. मी संगणकात बघायचं नाटक केलं. उठताना म्हणाले, "बसलो बघा."

आता घरचं. आमच्या यजमानांना रात्री अंथरुणावर पडलं की कडीची आठवण येते. "कडी लावली ना गं?" मी म्हणते, हो. पाच मिनिटांनी, "नक्की ना?" हो हो, काही होत नाही, झोपा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, रोज तीन वेळा, हिशोब तुम्ही करा. मी मॅडमना विचारलं, हे तेच का? त्या म्हणाल्या, "मी त्यांना भेटलेले नाही, आणि भेटणारही नाही, कारण तुम्ही इथे काम करता. त्यांना त्रास होत असेल तर बाहेरची दोन नावं देते. आणि कृपा करून घरी थेरपी करू नका." चिठ्ठी दिली. यजमान म्हणाले, "मला काय झालंय?" चिठ्ठी मसाल्याच्या डब्यामागे ठेवलीय.

घरी थेरपी करू नका हे मला मान्य आहे. तरी गेल्या गुरुवारी राहवलं नाही. लाइट बंद केला, हे कुशीवर वळले आणि विचारलं, "कडी लावली ना गं?"

म्हटलं, "माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लावली असेल किंवा नसेल."

बराच वेळ काही नाही. मग, "तिथे काम करून फार शहाणी झालीस." पंखा किरकिरत होता. पंधरा मिनिटांत हे घोरायला लागले.

मी जागीच. बाराचे ठोके ऐकले. पावणेएकला उठले, अंधारात चाचपडत दाराशी गेले आणि कडी ओढून पाहिली. दोनदा.